नमुना पाच बाइटचा नको, किमान १०२५ बाइटचा द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या सदरांमध्ये आणि पुस्तकांमध्ये जावाच्या पाइप्ड स्ट्रीमचा, म्हणजे एका थ्रेडने (प्रोग्राममधल्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाने) लिहिलेले बाइट दुसऱ्या थ्रेडपर्यंत नेणाऱ्या पाइपचा, एक ठरावीक नमुना असतो. ‘मेन’मध्ये पाइप्डआउटपुटस्ट्रीम आणि पाइप्डइनपुटस्ट्रीम तयार करायची, दोन्ही टोके एकमेकांना जोडायची, एका टोकाला पाच इंग्रजी अक्षरांचा शब्द लिहायचा आणि पुढच्याच ओळीत दुसऱ्या टोकातून तो वाचून पडद्यावर दाखवायचा. प्रोग्राम कंपाइल होतो, चालतो, उत्तरही बरोबर येते. तरी हा नमुना छापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो चालतो याचे एकच कारण म्हणजे बाइट पाचच आहेत. शिकणाऱ्याच्या मनात मात्र त्यातून पक्के बसते की पाइप ही एक पेटी आहे. आधी भरावी, मग रिकामी करावी. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका या एका समजुतीतून येतात, म्हणून थोड्या विस्ताराने लिहितो.

पाइपच्या आत आहे काय? बाइटची एक छोटी गोल रांग. ती वाचणाऱ्या टोकाच्या, म्हणजे पाइप्डइनपुटस्ट्रीमच्या पोटात असते आणि आपण काही सांगितले नाही तर तिची लांबी १०२४ बाइट असते. पुढचा बाइट कुठे ठेवायचा आणि कुठून उचलायचा, हे सांगणारे दोन आकडे सोबत असतात. रांग भरली की लिहिणारा थ्रेड ‘राइट’च्या आतच थांबून राहतो. कोणीतरी पलीकडून वाचेल आणि जागा होईल, ही त्याची अपेक्षा. आता त्या नमुन्यात पाचऐवजी १०२५ बाइट लिहा. १०२४ बाइट बिनबोभाट जातील, १०२५व्याला थ्रेड थांबेल. जागा करणारी ‘रीड’ची ओळ त्याच थ्रेडच्या पुढच्या पायरीवर आहे आणि तिथवर तो कधीच पोहोचणार नाही. प्रोग्राम चूक दाखवत नाही, संपतही नाही, नुसता बसून राहतो. दोन्ही टोके एकाच थ्रेडमधून वापरू नका, थ्रेड अडकून पडू शकतो, ही सूचना या क्लासच्या अधिकृत माहितीत स्पष्ट दिलेली आहे. नमुने छापताना नेमकी तीच गाळली जाते.

अडकलेला प्रोग्राम ओळखायचा कसा, हेही शिकवायला हवे. जावासोबत येणाऱ्या ‘जेस्टॅक’ने थ्रेडची यादी काढली तर हा थ्रेड ‘टाइम्ड वेटिंग’ अवस्थेत दिसतो. रांगेत जागा झाली का, हे तो दर सेकंदाला उठून पाहतो आणि पुन्हा झोपतो, म्हणून ती अवस्था. कुलुपांचा (कुलूप म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी सोय) तिढा पडलेला नसल्यामुळे ‘डेडलॉक सापडला’ असा निर्वाळा जेस्टॅक देत नाही, आणि नवशिका ‘डेडलॉक नाहीच’ म्हणून दुसरीकडे शोधत बसतो. खूण अशी : यादीत त्या थ्रेडखाली वरून खाली ‘वेट’, मग ‘अव्हेटस्पेस’, मग ‘रिसीव्ह’, मग ‘राइट’. मधली दोन नावे पाइप्डइनपुटस्ट्रीमची असतात, त्यामुळे थ्रेड वाचताना अडकला आहे असे वाटते. अडकलेला असतो लिहिणारा. रांग वाचणाऱ्या टोकाच्या मालकीची असल्यामुळे लिहिणाऱ्याचे थांबणेही तिथेच घडते.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे दोन थ्रेड, एक लिहिणारा आणि एक वाचणारा. रांगेची लांबी वाढवता येते; जावा ६ पासून पाइप्डइनपुटस्ट्रीमच्या कन्स्ट्रक्टरला आकडा देता येतो. मोठ्या फायली जाणार असतील तर ६५,५३६ द्यावा, १०२४ वर राहू नये. पण लांबी वाढवून एका थ्रेडचे दुखणे बरे होत नाही, पुढे ढकलले जाते. चाचणीच्या छोट्या फायलींवर सगळे ठीक चालते आणि खऱ्या फायलीवर बसते. हे तर अधिक वाईट.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे येतो. ‘राइट’ला एकच पूर्णांक दिला तर त्याचे खालचे आठ बिटच जातात. ३०० दिले तर ४४ जातो, २५६ दिले तर शून्य, आणि कोणी तक्रार करत नाही. एकेक बाइट लिहिणे महागही पडते, कारण दर वेळी पाइपचे कुलूप घ्यावे लागते. एक मेगाबाइट असे लिहिले तर १०,४८,५७६ वेळा. तेच ८१९२ बाइटच्या ॲरेने लिहिले तर १२८ हाका पुरतात. ॲरे वापरताना मात्र तीन आकड्यांचाच ‘राइट’ वापरावा : ॲरे, सुरुवात आणि वाचलेल्या बाइटची संख्या. नुसता ॲरे दिला तर शेवटच्या फेरीत आधीच्या फेरीचा उरलेला मालही जातो. १०,००० बाइटची फाइल घ्या. पहिल्या फेरीत ८१९२ येतात, दुसऱ्या फेरीत १८०८. नुसता ॲरे लिहिला तर पलीकडे १६,३८४ बाइट पोहोचतात, म्हणजे ६३८४ शिळे. मजकुराच्या फायलीत आधीचा भाग शेवटी पुन्हा आलेला डोळ्यांना दिसतो तरी. झिप फाइल मात्र ‘खराब आहे’ एवढेच सांगते.

वाचणाऱ्या बाजूची याच जातीची चूक आणखी फसवी आहे. ‘रीड’ शून्य ते २५५ मधला आकडा देतो आणि प्रवाह संपला की उणे एक. म्हणून तर तो बाइट न देता पूर्णांक देतो. काही जण तो लगेच बाइटमध्ये कोंबतात आणि मग उणे एकशी ताडून पाहतात. जावाचा बाइट उणे १२८ ते १२७ असा असल्यामुळे २५५ चा होतो उणे एक, आणि लूप ‘संपले’ समजून बाहेर पडतो. जेपेग चित्राचा पहिलाच बाइट २५५ असतो. असे चित्र या लूपमधून पाठवले तर पलीकडे शून्य बाइटची फाइल मिळते. साध्या इंग्रजी मजकुरावर हीच चूक वर्षानुवर्षे झाकलेली राहते.

यानंतर ‘फ्लश’. बहुतेकांच्या लेखी ती शेवटी सवयीने लिहायची ओळ आहे. पाइपमध्ये तिला खास अर्थ आहे. लिहिणारा बाइट रांगेत ठेवतो, पण झोपलेल्या वाचणाऱ्याला हाक मारत नाही. हाक मारली जाते तीन प्रसंगी : रांग भरून लिहिणारा थांबतो तेव्हा, ‘फ्लश’ केले तेव्हा आणि ‘क्लोज’ केले तेव्हा. एरवी वाचणारा आपला एक सेकंद पुरा झोपून उठतो आणि मग पाहतो. समजा दर १०० मिलिसेकंदांनी २० बाइटची एक नोंद पाठवायची आहे आणि ‘फ्लश’ केलेले नाही. दहा नोंदींचे २०० बाइट रांगेत आरामात मावतात, म्हणून वाचणाऱ्याला त्या एकेक न मिळता सेकंदा-सेकंदाने गठ्ठ्याने मिळतात. ‘पाइप संथ आहे’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा आधी हे पाहावे. प्रत्येक नोंदीनंतर एक ‘फ्लश’ घातला की उशीर नाहीसा होतो. उलट मोठी फाइल सलग लोटायची असेल तर मध्ये ‘फ्लश’ची गरज नाही, रांग भरत राहते आणि हाका आपोआप पडतात.

पाइपवर बफर्डआउटपुटस्ट्रीम चढवली असेल तर तिच्या स्वतःच्या ८१९२ बाइट भरेपर्यंत पाइपमध्ये काहीच उतरत नाही. अशा वेळी ‘फ्लश’ आणि ‘क्लोज’ दोन्ही सगळ्यात बाहेरच्या आवरणावर करायचे. आतला पाइप परस्पर बंद केला तर आवरणात उरलेले बाइट गेलेच.

‘क्लोज’वर मला जास्त लिहायचे आहे, कारण खरे नुकसान तिथे होते. वाचणाऱ्याला उणे एक मिळतो तो फक्त लिहिणाऱ्या टोकाने ‘क्लोज’ केले तर. थ्रेडचे काम संपले म्हणजे प्रवाह संपला, असे पाइप मानत नाही. शेवटचा लिहिणारा थ्रेड कोण होता, हे तो लक्षात ठेवतो आणि रांग रिकामी असताना तो जिवंत आहे का, हे पाहतो. मेलेला आढळला तर ‘राइट एंड डेड’ किंवा, वाचणारा आधीच वाट पाहत बसला असेल तर दोन-तीन सेकंदांनी, ‘पाइप ब्रोकन’ असे आयओएक्सेप्शन, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली चूक, येते. एका बाइटचीही गळती न होता सगळा माल पोहोचतो आणि तरी शेवटी एक्सेप्शन येते, ते यामुळे. विसरलेला ‘क्लोज’ तिथे तरी उघडकीला येतो.

थ्रेड पूलमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या थ्रेडच्या संचात, तोही उघडकीला येत नाही. पूलमधला थ्रेड काम संपल्यावर मरत नाही, पुढच्या कामाची वाट पाहत जिवंत राहतो. म्हणून पाइपच्या दृष्टीने लिहिणारा अजून आहे, आणि वाचणारा न येणाऱ्या बाइटची कायमची वाट पाहतो. एकही बाइट न लिहिता लिहिणारा थ्रेड आधीच कोसळला, तरी हाच प्रकार. लिहिणारा कोण होता याची नोंदच झालेली नसते, मग तो मेला हे कळणार कसे? उलट्या दिशेनेही तेच. वाचणाऱ्याने अर्ध्यावर काम सोडले आणि आपले टोक बंद केले नाही, तर लिहिणारा भरलेल्या रांगेपाशी उभा राहतो. त्याने टोक बंद केले असते तर लिहिणाऱ्याला फार तर सेकंदाभरात ‘पाइप क्लोज्ड’ मिळून तो सुटला असता. दोन्ही टोकांना ट्राय-विथ-रिसोर्सेस (काम संपताच किंवा चूक होताच टोक आपोआप बंद करणारी जावाची रचना) लावा, एवढे सांगितले की हा सगळा भाग सुरक्षित होतो.

आणि तिथेच एक मोठा धोका उभा राहतो. लिहिणारा निम्म्यात असताना डेटाबेसचे कनेक्शन तुटले, एक्सेप्शन आले. ट्राय-विथ-रिसोर्सेसने आपले काम चोख केले, पाइप बंद केला. वाचणाऱ्याला मिळाला उणे एक. त्याच्या लेखी प्रवाह व्यवस्थित संपला. निम्मी फाइल ‘पूर्ण’ म्हणून साठवली जाते, पुढे पाठवली जाते, कुठेही लाल अक्षर उमटत नाही. ‘मी संपवले’ आणि ‘मी कोसळलो’ यांतला फरक सांगायची सोय जावाच्या पाइपमध्ये नाही. गो भाषेच्या पाइपला ‘क्लोजविथएरर’ आहे. लिहिणाऱ्याने दिलेली चूक वाचणाऱ्याच्या हाती पडते. जावात ती वाट आपण बांधायची. लिहिण्याचे काम एक्झिक्युटरला, म्हणजे कामे थ्रेडवर चालवून घेणाऱ्याला, द्यायचे आणि मिळालेला फ्युचर, म्हणजे त्या कामाच्या निकालाची पावती, हाती ठेवायचा. मग वाचणारे टोक ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये घेऊन उणे एक येईपर्यंत वाचायचे, ते टोक बंद होऊ द्यायचे आणि त्यानंतर फ्युचरवर ‘गेट’ करायचे, म्हणजे निकाल मागायचा. ‘गेट’ने एक्सेप्शन दिले तर आलेला माल टाकून द्यायचा. म्हणूनच तो आधी तात्पुरत्या नावाच्या फायलीत घ्यावा आणि ‘गेट’ सुखरूप झाल्यावरच खरे नाव द्यावे. क्रम उलटा करू नये. वाचण्याआधी ‘गेट’ केले तर लिहिणारा १०२५व्या बाइटला थांबणार आणि आपण त्याच्यासाठी थांबणार, म्हणजे पुन्हा तोच तिढा, या वेळी दोन थ्रेड असूनही.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण इंग्रजी मजकुराच्या नमुन्यांत ती दिसतच नाही. पाइपमधून बाइट जातात, अक्षरे जात नाहीत. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरांचे बाइट करण्याची रूढ पद्धत) ‘क’चे तीन बाइट होतात : २२४, १६४, १४९. जावाच्या बाइट ॲरेत हेच उणे ३२, उणे ९२, उणे १०७ दिसतात. त्यात बिघाड काही नाही. मात्रा, अनुस्वार, हलंत यांचेही प्रत्येकी तीन. आता १०२४ ला तीनने भागा : ३४१ वेळा भाग जातो, एक उरतो. सलग देवनागरी मजकूर १०२४च्या तुकड्यांनी वाचला तर पहिल्या तुकड्यात ३४१ चिन्हे पूर्ण बसतात आणि ३४२व्याचा पहिला बाइट अलीकडे, उरलेले दोन पलीकडे राहतात. प्रत्येक तुकड्याची वेगळी स्ट्रिंग केली की त्या सांध्यावर चौकटीतली प्रश्नचिन्हे उमटतात. दोष फाँटवर ढकलला जातो. उपाय सोपा आहे : वाचणाऱ्या टोकावर इनपुटस्ट्रीमरीडर चढवायचा आणि यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगायचे. तुटलेले चिन्ह तो पुढच्या बाइटपर्यंत सांभाळून ठेवतो. लिहिणाऱ्या बाजूलाही स्ट्रिंगचे बाइट करताना यूटीएफ-८ लिहावेच. जावा १८ पासून तेच गृहीत धरले जाते, पण जुन्या आवृत्त्यांत ते त्या त्या संगणकाच्या मांडणीवर अवलंबून असते.

पाइपला अक्षरांच्या सीमा कळत नाहीत, तशा संदेशांच्याही कळत नाहीत. तीनदा शंभर-शंभर बाइट लिहिले म्हणून पलीकडे तीनदा शंभर मिळतील असे नाही. एकदम ३०० येतील, नाहीतर आधी ४० येतील. संदेश वेगळे ठेवायचे असतील तर आधी डेटाआउटपुटस्ट्रीमने चार बाइटमध्ये लांबी लिहावी, मग मजकूर; पलीकडे लांबी वाचून ‘रीडफुली’ने नेमके तेवढेच घ्यावेत. ‘अव्हेलेबल’ शून्य आला म्हणजे प्रवाह संपला, असे कधीही धरू नये. त्याचा अर्थ या क्षणी रांग रिकामी आहे, एवढाच. एका पाइपवर दोन थ्रेडना लिहू देणेही टाळावे. रांग भरल्यावर थांबताना कुलूप सोडले जाते आणि त्या फटीतून दुसऱ्याचे बाइट पहिल्याच्या संदेशात घुसतात. शिवाय शेवटचा लिहिणारा मेला की दुसरा जिवंत असूनही ‘राइट एंड डेड’ येऊ शकते. लिहिणारे अनेक असतील तर पाइपऐवजी ब्लॉकिंग क्यू (बाइटऐवजी अख्खे संदेश ठेवणारी रांग) घ्यावी.

पाइपला जीझिप (माल दाबून लहान करणारी पद्धत) जोडणाऱ्यांसाठी दोन सूचना. जीझिपइनपुटस्ट्रीम तयार होतानाच मथळ्याचे बाइट वाचू पाहते; म्हणून ती लिहिणारा थ्रेड सुरू केल्यानंतरच तयार करावी, नाहीतर प्रोग्राम त्या ओळीवरच बसतो. दुसरी, जीझिपआउटपुटस्ट्रीमचा ‘फ्लश’ दाबलेला माल बाहेर काढेलच असे नाही. तो हवा असेल तर ‘सिंकफ्लश’ खरे ठेवून ती तयार करावी लागते. ही सोय जावा ७ पासून आहे.

एवढी पथ्ये असतील तर पाइप वापरायचाच कशाला? पुष्कळदा नकोच. माल थोडा असेल, काही मेगाबाइट, तर तो बाइटॲरेआउटपुटस्ट्रीममध्ये लिहावा आणि त्याच ॲरेवर वाचणारी स्ट्रीम उघडावी. एक थ्रेड पुरतो, अडकायला जागा नाही. पाइपची खरी जागा वेगळी आहे : एक लायब्ररी फक्त आउटपुटस्ट्रीममध्ये लिहू शकते, दुसरीला फक्त इनपुटस्ट्रीम चालते, आणि मधला माल इतका मोठा आहे की मेमरीत धरवत नाही. तिथे १०२४ बाइटच्या रांगेतून कितीही गिगाबाइट जातात. लिहिणारा पुढे धावू लागला तर रांग त्याला थांबवते, वाचणारा पुढे गेला तर त्याला थांबवते. नवशिक्याला जी अडवणूक वाटते, त्याच गुणासाठी पाइप घ्यायचा असतो. युनिक्समध्ये १९७३ साली पाइप आला तोही याच कल्पनेवर. लिनक्सच्या पाइपची क्षमता एरवी ६५,५३६ बाइट असते. म्हणूनच दुसरा प्रोग्राम चालवून त्याला बाइट पुरवताना त्याचे आउटपुट आणि एरर ही दोन्ही तोंडे कोणीतरी सतत वाचत राहावे लागते. नाहीतर एकीकडे तो आणि दुसरीकडे आपण, असे दोघेही थांबतो.

संपादक महोदय, आपल्या सदरात पाइपचा नमुना द्याल तेव्हा तो असा द्यावा, ही विनंती. लिहिणारा स्वतंत्र थ्रेड, ८१९२चा ॲरे, तीन आकड्यांचा ‘राइट’, दोन्ही टोकांना ट्राय-विथ-रिसोर्सेस आणि शेवटी फ्युचरचा ‘गेट’. तीस-पस्तीस ओळींत हे सहज बसते. त्याखाली वाचकांनी स्वतः करून पाहायच्या चाचण्या द्याव्यात : शून्य बाइट, एक बाइट, १०२४ आणि १०२५ बाइट, सगळे २५५ असलेला ॲरे, देवनागरीची ५०० चिन्हे, लिहिणाऱ्याने मुद्दाम अर्ध्यावर एक्सेप्शन टाकणे आणि वाचणाऱ्याने दहा बाइट वाचून टोक बंद करणे. प्रत्येक चाचणीला पाच सेकंदांची मर्यादा घालावी, म्हणजे अडकलेला प्रोग्राम अडकला म्हणून कळेल. आणि जागा कमी पडली तर चाचण्या कमी कराव्यात, ‘गेट’ची ओळ मात्र कापू नये.

कळावे,
आपला,
जावा शिकवणारा एक वाचक